पिंजऱ्याचं दार उघडं ठेवा!

जालन्यात सळयांना काय तोटा? कोणताही वेल्डिंगवाला कुत्र्याचा पिंजरा दिवसभरात करून देतो. पिल्लू आणायचं, आत टाकायचं, कडी लावायची आणि कॉलेज गाठायचं. दुपारी घरमालकाचा फोन, "तुमचं कुत्रं रडतंय!" मग काही जण म्हणतात, पिंजरा म्हणजे क्रूरपणा. यांच्याच घरी कुत्रा दिवसभर गेटला हातभर साखळीनं बांधलेला असतो, तो चालतो! 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये अपुरा पिंजरा आणि आखूड साखळी दोन्ही येतात.

माझ्या मते सगळा घोळ घाईचा आहे. पिल्लू आई-भावंडांच्या उबेत झोपलेलं असतं. ओरडलं की आई येते, एवढंच त्याला ठाऊक. त्याला पहिल्याच दिवशी तीन लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल इतका वेळ कोंडलं, तर पिंजरा दिसताच ते कॉटखाली पळणारच.

आमच्या रूमवर पहिले चार दिवस दार बांधून उघडंच ठेवलं. आत जुनी सतरंजी, जेवणाची वाटीही आतच. नंतर ते खात असताना दार लोटायचं, वाटी संपायच्या आत उघडायचं. मग एक मिनिट, पाच मिनिटं. मग चपला घालून जिन्यापर्यंत जायचं आणि परत. जाताना लाड नाहीत, आल्यावर सोहळा नाही. जरा कुरकुरलं तर थांबायचं. जीव तोडून ओरडलं तर वेळ कमी करायची. (आमचा एक पार्टनर याला 'इन्क्रिमेंटल लोडिंग' म्हणतो. असो.) तीन आठवडे गेले. तरी दोन महिन्यांचं पिल्लू दोनेक तासांवर लघवी धरू शकत नाही, म्हणून मधल्या सुट्टीत एकानं रूमवर जायचंच.

लायका आठवते? मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री. 3 नोव्हेंबर 1957 ला स्पुतनिक-2 मधून गेली. त्याआधी अशा कुत्र्यांना वीस-वीस दिवस लहान लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत ठेवत. ती अस्वस्थ होत, लघवी-शीसुद्धा बंद होई. लायका उष्णतेनं काही तासांतच गेली, हे जगाला कळलं 2002 मध्ये. म्हणून पिंजरा करताना माप पिल्लाचं घ्या: उभं राहता, वळता, पाय ताणून झोपता आलं पाहिजे.

आणि उष्णता म्हणाल तर आपला मे महिना! कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या तळव्यांनाच. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. पत्र्याच्या खोलीत, लाईट गेलेली असताना लोखंडी पिंजरा म्हणजे भट्टीच. त्या दिवसांत आम्ही पिंजरा खालच्या मजल्यावरच्या जिन्याखाली ठेवला, पाण्याचं भांडं तारेनं बांधून.

परीक्षा संपली की आपण परतूर, भोकरदन, जिकडचे तिकडे. तेव्हा पिल्लू कुणाकडे जाणार, हे आणायच्या आधीच ठरवा. आमच्या अंबडच्या पार्टनरनं घरी विचारलं, तर त्याची आई फोनवर एवढंच म्हणाली, "भाकरी खातं ना रे ते?"