ताटाच्या डाव्या बाजूची वाइन

भारतीय जेवणाबरोबर ड्राय व्हाइट वाइन जमत नाही, असं वाइनवर लिहिणारे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, आणि त्याचं खापर ते मिरचीवर फोडतात. उपाय म्हणून थोडी गोडसर रीसलिंग नाहीतर गेवुर्त्सट्रामिनर सुचवली जाते. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लाँपुरतं बोलायचं तर मला हे निदान चुकलेलं वाटतं. सुला या तिथल्या वाइन कंपनीच्या मळ्यात या जातीच्या वेली १९९७ मध्ये लागल्या आणि २००० मध्ये पहिली बाटली बाजारात आली. म्हणजे पाव शतक ही सुगंधी, ड्राय वाइन आपल्या दारात पिकते आहे, पण घरच्या जेवणात तिला अजून नीट जागा सापडलेली नाही. तिचं आपल्या बऱ्याच पदार्थांशी बिनसतं हे खरं. पण बिनसण्याचं मोठं कारण मिरची नाही, गूळ आहे.

पेढा खाऊन लगेच चहा प्यायला की तोच चहा अगोड लागतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. जिभेवर गोड बसलं की पुढच्या घोटातला गोडवा हरवतो आणि आंबट, तुरट, कडू पुढे येतं. चहात निदान साखर असते. ड्राय वाइनमध्ये द्राक्षाची जवळजवळ सगळी साखर यीस्टनं संपवलेली असते. युरोपीय नियमांत ड्राय म्हणवणाऱ्या वाइनमध्ये लिटरमागे साधारण ४ ग्रॅमच साखर चालते, आंबटपणा जास्त असेल तर थोडी अधिक. अशा वाइनचा सगळा तोल आंबटपणा आणि वास यांच्यावर उभा असतो. चिंचगुळाच्या आमटीचा भुरका मारून तिचा घोट घ्या: ती आंबटढाण लागेल, शेवटी कडवटही. अळूचं फदफदं, भरली वांगी, गुळाचा खडा पडलेली वालाची उसळ, सगळ्यांशी हेच होतं. यातला एकही पदार्थ जाळ काढणारा नाही. म्हणूनच इथे मिरचीवरचा आरोप टिकत नाही. मीठ आणि आंबट मात्र उलटं काम करतात. लिंबू पिळलेला, मिठाला नीट असलेला घास खाल्ल्यावर वाइनचा आंबटपणा बोथट होतो आणि तिच्यातलं फळ वर येतं. आपण ताट वाढतो तेव्हा डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर येते, उजवीकडे भाजी नि आमटीची वाटी. सोव्हिन्यों ब्लाँ ही त्या डाव्या बाजूची वाइन आहे. कोशिंबिरीत चिमूटभर साखर घालायची ज्या घरांत रीत आहे, त्यांनी तेवढी चिमूट त्या दिवशी राहू द्यावी.

मिरचीला मी निर्दोष ठरवत नाही. शास्त्रज्ञ डेव्हिड जूलियस यांनी १९९७ मध्ये तोंडातला जो ग्राहक (रिसेप्टर) शोधून काढला (२०२१ चं नोबेल त्यांना या कामासाठीही मिळालं) तो उष्णतेलाही जागा होतो आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनलाही. २००२ मध्ये असं दाखवलं गेलं की अल्कोहोलही त्याच ग्राहकाला चाळवतं: एरवी साधारण ४२ अंशांना जळजळ सांगणारा हा ग्राहक अल्कोहोलच्या सान्निध्यात ३४ अंशांनाच बोलू लागतो, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही तोंड भाजल्यासारखं वाटतं. बारा-तेरा टक्के अल्कोहोलची वाइन तांबड्या रश्शावर ओतणं म्हणजे आगीत तेल. गोडसर वाइनच्या बाजूचं म्हणणंही मान्य करायला हवं, कारण साखर जळजळ काही अंशी झाकते. पण दोन गोष्टी उरतात. अल्कोहोल त्या गोडसर वाइनमध्येही असतंच. आणि मिरचीचा त्रास प्रमाणाचा आहे: मिरची निम्मी केली की तोही बराच उतरतो, आणि घरोघरचं रोजचं जेवण काही कोल्हापुरी रस्सा नसतं. गुळाचं तसं नाही. आमटीतला सुपारीएवढा खडासुद्धा पुरतो. ज्यांना ती आमटीच हवी आहे त्यांनी नाशिककडचीच शेनिन ब्लाँ घ्यावी, तिच्यात बऱ्याचदा थोडा गोडवा मुद्दाम राखलेला असतो. गोडाला गोड, आंबटाला आंबट, इतकं साधं आहे ते.

आता वासाकडे येतो, कारण ही वाइन प्यायची ती मुख्यतः नाकानं. सोव्हिन्यों ब्लाँचा हिरवा वास मेथॉक्सिपायराझिन नावाच्या संयुगांचा असतो. ढोबळी मिरची चिरताना येतो तोच हा वास. हिरव्या मटारातही ही संयुगं असतात. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असली तरी माणसाच्या नाकाला ती कळतात. ऊन जास्त मिळालं, फळ जास्त पिकलं की ती घटतात. दुसरा वास पपनस नि पॅशनफ्रूटचा. तो गंधकयुक्त संयुगांचा असतो, द्राक्षात बांधलेला असतो आणि आंबवताना यीस्ट त्याला मोकळा करतं. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात, सान्सेर भागात, हीच वाइन शाव्हिन्योल गावच्या बकरीच्या चीजबरोबर घेतात. ते चीज आंबट-खारट असतं, म्हणजे तिथलीही जोडी डाव्या बाजूचीच आहे. आपल्याकडे तिचं खरं घर हिरव्या वाटणात आहे: कोथिंबीर, आलं, लसूण, बेतानं हिरवी मिरची आणि भरपूर लिंबू. हिरवी चटणी भरलेलं पापलेट, गोव्याचं चिकन काफ्रियाल, कोथिंबीर वडी, हिवाळ्यातल्या कोवळ्या मटाराची गूळ न घातलेली उसळ, रव्यात परतलेली सुरमई आणि वर लिंबाची फोड. वाटणाचा हिरवा वास आणि वाइनचा हिरवा वास एकमेकांना उचलून धरतात, हे एकदा ध्यानात आलं की विसरत नाही. भाजलेल्या खोबऱ्याच्या, लवंग-दालचिनीच्या काळ्या वाटणाखाली मात्र ती गुदमरते. तिथे तिला नेऊ नये.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप ताटाचाच आहे. आपण एकामागून एक पदार्थ खात नाही. एका घासाला आमटी, दुसऱ्याला चटणी, तिसऱ्याला ताक. मग वाइन जुळवायची कुणाशी? मला वाटतं, पूर्ण ताटाशी ती जुळवूच नये. वरण-भात, आमटी आणि शेवटचा गोड घास यांचं एकमेकांशी असलेलं नातं पुरेसं घट्ट आहे, त्यात चौथ्याची गरज नाही. जेवणाआधीच्या बशीसोबत, तळलेल्या माशासोबत, संध्याकाळच्या वड्यांसोबत एखादा पेला, एवढीच जागा मी तिच्यासाठी मागतो आहे. त्याहून जास्त प्यावी असंही माझं म्हणणं नाही. अल्कोहोल कमीच बरं, आणि कमी घ्यायचं असेल तर चव नीट कळलीच पाहिजे.

ती कळत नाही याला वाढण्याची पद्धतही जबाबदार आहे. ही वाइन ८ ते १० अंशांना वाढावी, असं म्हटलं की तो साहेबी सोपस्कार वाटतो. आपल्या उकाड्यात गारेगार हवी, असं उत्तर येतं. पण फ्रीजमधल्या ४-५ अंशांना वासाचे रेणू पेल्यातून वर फारसे उठत नाहीत. नाकाला फार काही मिळत नाही, जिभेला नुसता आंबटपणा लागतो आणि दोष पुन्हा जेवणाला दिला जातो. पेल्यात बर्फ टाकला तर वर पाणचटपणाही येतो. बाटली पंधरा मिनिटं आधी बाहेर काढावी, निमुळत्या तोंडाच्या पेल्यात एक तृतीयांशच ओतावी आणि बाटली गार पाण्यात ठेवावी. उकाड्याची काळजी तेवढ्यानं मिटते, कारण तीस अंशांच्या खोलीत थोडी ओतलेली वाइन तापायच्या आत संपते. आधी पेला न हलवता वास घ्यावा, मग फिरवून घ्यावा. घोट गिळल्यावर नाकानं श्वास सोडला की उरलेला वास कळतो. घेताना बाटलीवरचं साल बघावं. गोडी छाटणीनंतरची नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात आणि हा ताजा, हिरवा वास वर्ष-दोन वर्षांत मावळू लागतो. एप्रिल-मेमध्ये दुकानाच्या उन्हाकडच्या फळीवर उभी असलेली बाटली, साल कितीही ताजं असलं तरी, घेऊ नये.