‘डॅम इट’ म्हणणारा साहेब आणि जाळ्याचा दोरा

पोलीस खात्यात पस्तीस वर्षं काढून 2019 साली मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि मालवणच्या वाटेवरच्या कट्टा गावात घरी आलो. संध्याकाळी बाजारात चहाला बसलो की अजूनही मागून हाक येते, ‘काय ओ, महेश जाधव!’ ही हाक तीस वर्षं जुनी आहे. हाक मारणारे तेव्हा चड्डीत होते, आता त्यांची पोरं कॉलेजात जातात.

तिची सुरुवात ‘झपाटलेला’ या सिनेमापासूनची. तो आला 1993 साली. त्यानंतरच्या एका गणपतीत वाडीतल्या मुंबईकराने व्हीसीआर आणला. मी विसर्जनाच्या बंदोबस्तावरून रात्री उशिरा परतत होतो. त्यांच्या खळ्यात पंचवीस-तीस माणसं टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेली. वर्दीवरच कडेला उभा राहिलो. तात्या विंचूचा बाहुला सुरा घेऊन धावत होता, पोरं एकमेकांना बिलगून बसली होती, आणि इन्स्पेक्टर महेश जाधव पिस्तूल काढून आला तसा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. तेवढ्यात एका पोराचं लक्ष माझ्याकडे गेलं. तो उठला आणि स्वतःच्या बुडाखालची चटई त्याने मला दिली. तोपर्यंत आमच्या वाडीत ‘गप बस, नायतर पोलीस येतलो’ असं सांगून पोरांना झोपवत. त्या रात्री पहिल्यांदा पोलीस आला म्हणून एका पोराला बरं वाटलं. हा सिनेमा करणाऱ्या आणि त्यात महेश जाधव झालेल्या महेश कोठारेंचं हे ऋण मी मानतो.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना हे सांगायला हवं. हिंदी सिनेमात मराठी माणूस पोलिसात असला की बहुतेक वेळा हवालदार, दांडका बगलेत आणि दोन ओळींचा विनोद. मराठी पडद्यावर मात्र कोठारेंनी ‘दे दणादण’मध्ये 1987 साली स्वतः साहेबाची वर्दी घातली आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या साध्या शिपायाला चक्क अचाट शक्ती दिली. लाल रंग दिसला की ती शक्ती जायची. मी तेव्हा नोकरीत नवा शिपाई होतो. शिपायाला कोणी नायक केलाय हे पाहून मला किती आनंद झाला, ते आज सांगूनही पटणार नाही. पुढे ‘थरथराट’मध्ये टकलू हैवान आला, ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू आला, आणि इन्स्पेक्टर महेश जाधव घराघरांत माहीत झाला. 2013 साली ‘झपाटलेला 2’ थ्रीडीत आला तेव्हा तोच साहेब पुन्हा पडद्यावर उभा होता. मराठी सिनेमात इतका टिकलेला दुसरा पोलीस मला आठवत नाही.

पण या लाडक्या साहेबाने तपास कधी केला? पाठलाग केला, गोळी घातली, ‘डॅम इट’ म्हटलं. आमच्या कामातला जो खरा रस आहे तो पडद्यावर आलाच नाही, आणि आजच्या मराठी लेखक-दिग्दर्शकांकडे माझी तक्रार तीच आहे.

सिनेमात दोन कानाखाली बसल्या की आरोपी ‘साहेब, मीच केला’ म्हणतो आणि गोष्ट संपते. खरं तर तिथे काहीच संपत नाही. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 तेच सांगत होतं, नव्या साक्ष अधिनियमातही तो नियम कायम आहे. चालतं ते एवढंच, की त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू निघाली तर ती आणि त्यापुरतं त्याचं बोलणं. त्यासाठी दोन पंच आणायचे, त्यांच्यासमोर मेमोरंडम पंचनामा लिहायचा, मग आरोपीच्या मागे मागे चालत जायचं आणि तो दाखवील तिथलं काढायचं. माणूस पुढे चालतोय, मागे आम्ही, पंचांपैकी एकाला शेतावर जायची घाई, आणि तो नेमका कुठल्या झाडाखाली थांबेल हे कोणालाच माहीत नाही. यापेक्षा जास्त थरार कुठल्या पाठलागात असतो?

एक हकिगत सांगतो. मे महिन्याचे दिवस. माझ्या बीटातल्या एका म्हातारीच्या माळ्यावरून सुक्या काजूबियांची चार पोती गेली. वर्षाची मीठ-मिरची त्यात होती. आठवडाभराने एका व्यापाऱ्याच्या गोदामात संशयावरून काही पोती मिळाली. काजूला काय नाव असतं? व्यापारी म्हणाला, ‘हे तिचेच कशावरून?’ मी म्हातारीला घेऊन गेलो. तिने बिया पाहिल्याच नाहीत. एकेका पोत्याच्या तोंडावरून अंगठा फिरवत गेली. चौथ्या पोत्याशी थांबली आणि म्हणाली, ‘पोता माझा. माज्या हातचा ठिगळ हा. पन तोंड मी दाभणान सुंभान शिवतंय. ह्यां कोणी जाळ्याच्या दोऱ्यान शिवल्यान. ही गाठ माझी नाय.’ पोत्याच्या बुडाला खरंच चौकोनी ठिगळ होतं, तिच्या जुन्या लुगड्याचं, कडेला निळा काठ. आणि तोंडाला हिरवा नायलॉनचा दोरा. ठिगळाने पोतं तिचं ठरलं, दोऱ्याने आम्ही दोन दिवसांत माणसापर्यंत पोचलो. तो तिच्याच वाडीतला निघाला. पंचनाम्यात मी त्या ठिगळाची लांबी-रुंदी बोटाने मोजून लिहिली होती, कारण मोजपट्टी जवळ नव्हती. खटल्यात आरोपीच्या वकिलाने मला त्यावरूनच घाम फोडला.

असा प्रसंग लिहायला पैसा लागत नाही. बाहुला लागत नाही, थ्रीडी लागत नाही. लागते ती म्हातारी, आणि तिचं ऐकून घेणारा पोलीस.

मराठीला हे लिहिता येत नाही, असं कोणी म्हणू नये. ‘अर्धसत्य’ हा 1983 चा हिंदी सिनेमा पोलिसावरचा थोर सिनेमा मानतात. त्याच्या मुळाशी श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा आहे आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. अनंत वेलणकर हा फौजदार आपलाच. कथा मराठीत सुचली आणि सिनेमा हिंदीत झाला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच्या कितीतरी आधी बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळा पहाड हे नायक घरोघर पोचवले होते. माझे वडील दुकानात गिऱ्हाईक नसलं की तीच वाचत बसत. वाचकाला तपासाची भूक होती, आजही आहे.

आणि बोलीची भीतीही आता उरलेली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ आला. ज्या दिलीप प्रभावळकरांनी तात्या विंचू रंगवला तेच यात आमच्याकडचा म्हातारा दशावतारी नट झाले. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी मालवणी ऐकली आणि सिनेमा डोक्यावर घेतला. मग मालवणीत जबाब घेणारा पोलीस त्यांना का कळणार नाही? जबाब बोलीतच खरा उतरतो. साक्षीदार ‘काळोख पडलो होतो’ म्हणाला की त्याला किती वाजले होते ते विचारून उपयोग नसतो. गुरं घरी आली होती का, देवळात दिवा लागला होता का, असं विचारावं लागतं. मग वेळ मिळते.

आता तर काम आणखी बदललंय. 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. माझ्या हाताखाली शिकलेली एक पोरगी आज हवालदार आहे. एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने ती मुद्देमालाला सील लावते, तोंडाने पंचांना समजावत असते. तिच्यावर सिनेमा करा. तिला वरिष्ठांच्या शिव्या खाताना, एसटी चुकलेली असताना, घरी ताप आलेलं मूल सोडून आलेली असताना दाखवा, आणि त्याच दिवशी तिला तो हिरवा दोरा दिसू द्या.

महेश जाधव आम्हाला हवाच आहे. त्याने पोरांच्या मनातली वर्दीची भीती काढली. आता वर्दीतला माणूस डोकं कसं चालवतो तेही कोणीतरी मराठीत दाखवावं. जो कोणी लिहायला बसेल त्याने कट्ट्याला यावं. कसालहून मालवणला जाणारी एसटी बाजारातच थांबते. चहाच्या दुकानात महेश जाधव कुठे राहतो विचारा, घर दाखवतील. पंचनामा कसा लिहितात ते मी बसून शिकवीन.