सातबारा दिसतो, फाईल दिसत नाही

रास तनुरा (सौदी अरेबिया)

शुक्रवारची सकाळ. इथं सुट्टी, गावाकडं मात्र कामाचा दिवस. भारताचं घड्याळ आमच्यापेक्षा अडीच तास पुढं, त्यामुळं मी चहा घेत असतो तेव्हा तिकडं सगळे कामाला लागलेले असतात. २०१७ सालच्या अशाच एका शुक्रवारी चुलतभावाचा, आमच्या दादाचा, फोन आला. "अरे, काकूंचं पीककर्ज अडकलंय. सोसायटीवाले म्हणतात, कागदावर जमीनच कमी आहे तुमची."

मी मोबाईलवर महाभूलेख उघडलं. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ८१ आर होते, तिथं आता १८ आर. कुणाच्या तरी बोटानं आकडे उलटे टाकले आणि बाबांनी जन्मभर कसलेलं दोन एकर रान अठरा गुंठ्यांवर आलं. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आईला हे फोनवर कसं सांगावं, तेच कळेना.

ही चूक सापडायला मला दोन मिनिटं लागली. दुरुस्त व्हायला सात महिने लागले.

या दोन आकड्यांमधलं अंतर हाच आजचा विषय आहे. संकेतस्थळाला दोष द्यायचं कारण नाही, उलट चूक त्यानंच दाखवली. पूर्वी मला ती कळायला रजा काढून गावी जावं लागलं असतं. राज्यात त्याच वर्षी चावडी वाचनही झालं. गावकऱ्यांसमोर सातबारे वाचून संगणकात शिरलेल्या चुका शोधायच्या, अशी ती मोहीम होती. पुढं १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. 'आपली चावडी'वर फेरफाराच्या नोटिसा कुणालाही पाहता येतात. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ही केवढी सोय आहे, हे वेगळं सांगायला नको.

पण दुरुस्तीचं काय? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनातली चूक दुरुस्त करायची तरतूद आहे. अर्ज दिला, कागद जोडले. त्यानंतर दादाचे नऊ हेलपाटे झाले. कधी "साहेब मीटिंगला गेलेत", कधी "फाईल वर गेलीय". वर म्हणजे कुठं, कुणाच्या टेबलावर, किती दिवस, याचा पत्ता नाही. निकाल काय ते सगळ्यांना दिसतं, पण तो लागेपर्यंतची वाट कुणालाच दिसत नाही. माझ्या मते पारदर्शकतेचं खरं घोडं इथंच अडतं.

कायदा कमी पडतो असंही नाही. महाराष्ट्रानं माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्ये केला, केंद्राचा २००५ मध्ये आला. त्याचं कलम ४ सांगतं की, लोकांना अर्ज करायची वेळच येऊ नये इतकी माहिती कार्यालयांनी आपण होऊन जाहीर करावी. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा अधिसूचित सेवांना मुदत घालून देतो. कारण नसताना उशीर केला तर ५०० ते ५००० रुपये दंडाचीही तरतूद आहे. पण मुदत पाळली की नाही हे तपासायला फाईलचा प्रवास दिसायला हवा. तो दाखवणं हे सॉफ्टवेअरचं काम.

आता सॉफ्टवेअर म्हटलं की दोन प्रकार. मी कारखान्यात देखभालीच्या कामावर आहे, म्हणून तिथलाच दाखला देतो. एखाद्या यंत्राचे सगळे नकाशे आपल्याकडं असले तर बिघाड आमचाच माणूस शोधतो. यंत्र 'बंद पेटी' असलं तर ज्यानं विकलं त्याचाच माणूस येईपर्यंत हातावर हात. तो सांगेल ती किंमत, तो देईल ती तारीख. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे नकाशासकट मिळालेलं यंत्र. कोड वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. बहुतेकदा परवान्याचे पैसे पडत नाहीत. उभारणीचा आणि देखभालीचा खर्च मात्र असतोच, 'फुकट' या शब्दाला भुलू नये.

सरकारांना हे जमत नाही, असं कुणी म्हणू नये. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्टनं २००१ मध्ये ड्रुपल खुलं केलं आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या व्हाईट हाऊसचं संकेतस्थळ त्यावर गेलं. २०१२ मध्ये आपल्या केंद्र सरकारनं खुल्या माहितीचं पोर्टल सुरू केलं. त्याखालची प्रणाली भारत आणि अमेरिकेनं मिळून बांधली होती, तीही ड्रुपलवरच. २०१५ च्या केंद्राच्या धोरणानुसार निविदा भरणाऱ्यानं खुल्या सॉफ्टवेअरचा विचार करायलाच हवा, आणि ते वगळलं तर कारण द्यायला हवं. म्हणजे पाया आहे. आता तो तालुक्याच्या टेबलापर्यंत यायला हवा.

तरीही एक गोष्ट विसरू नये. सॉफ्टवेअर खुलं आणि कारभार बंद, असंही होऊ शकतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत घातली. पाऊस किती झाला, पाणी किती उरलं, मग पिकं कोणती घ्यायची, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरतं. याला सॉफ्टवेअर लागलं नाही, सवय लागली. सवय असली तर सॉफ्टवेअर तिला बळ देतं. नसली तर ते नुसतं सजवलेलं पान राहतं.

हे मी अनुभवानं सांगतोय. सातबाऱ्याच्या प्रकरणानंतर उत्साहाच्या भरात मी वर्डप्रेसवर आमच्या गावासाठी संकेतस्थळ बनवलं. ग्रामसभेचे ठराव, पाणीपट्टी, कामांची यादी, सगळं मराठीत. लोकांनी कौतुक केलं. पण पासवर्ड माझ्याकडं, पैसे माझ्या कार्डावरून. दोन वर्षांनी कार्ड बदललं, नूतनीकरण राहून गेलं आणि संकेतस्थळ बंद पडलं. गावात कुणी विचारलंही नाही. बंद पेटीवर टीका करणाऱ्या मीच गावाला बंद पेटी दिली होती, चावी रास तनुरात!

इथं सौदीत माझी बरीचशी कागदपत्रं 'अबशर' या सरकारी ॲपवर होतात. सोय मोठी आहे. पण इथं मी पाहुणा, काम झालं की माझा विषय संपतो. गावात मी नागरिक आहे. तिथं नुसतं काम होऊन भागत नाही, ते कसं झालं हे विचारायचा मला हक्क आहे. सोय आणि पारदर्शकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दोन्ही हव्यात.

मग आपण काय करू शकतो? या सुट्टीत आधी आपला सातबारा उघडून क्षेत्र आणि नावं जुन्या उताऱ्याशी ताडून पाहा, विशेषतः बहिणींची नावं. मग केंद्राच्या 'ई-ग्रामस्वराज' पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहा. २०२० पासून तो तिथं पाहता येतो. खर्च दाखवलेला रस्ता गावात आहे का, हे घरच्यांना फोन करून विचारा. आणि संगणकाचं ज्ञान गावाला द्यायचं असेल, तर संकेतस्थळ बनवून देऊ नका. गावातल्या दोन पोरांना ते बनवायला शिकवा, आणि चावी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातात ठेवा.

आमच्या उताऱ्यावर आता पुन्हा ८१ आर आहेत. आईनं त्याची प्रत घडी घालून बाबांच्या फोटोमागं ठेवलीय. मी म्हटलं, "आई, आता फोनवर दिसतो की उतारा." ती म्हणाली, "दिसू दे. पण तुझा दादा नऊ वेळा गेला, ते दिसतं का त्यात?"

नाही दिसत, आई. तेच तर दिसायला हवं.