मान हलली म्हणजे होकार नव्हे

मराठीत नकाराच्या किती तऱ्हा! नाही, नको, नये, नव्हे. आणि तो नकार येतो बहुधा वाक्याच्या शेवटी. 'मी चहा पीत...' एवढे ऐकून घरची बाई कप पुढे करते, तोवर पाहुणा म्हणतो, 'नाही!'

आपल्या देशातल्या कर्णबधिरांची भारतीय सांकेतिक भाषाही अशीच आहे. आधी मी, चहा, पिणे आणि शेवटी हाताने 'नाही'ची खूण. तिच्या जोडीला मान आणि चेहराही बोलत असतो. आपण मध्येच नजर वळवली, तर नेमका नकारच हुकतो.

देशोदेशीची रीत मात्र निराळी. अमेरिकन सांकेतिक भाषेत हात 'मी चहा पितो' म्हणत असताना मान डावी-उजवीकडे हलवली, की वाक्य नकारार्थी होते. इटलीत तेवढ्याने भागत नाही, हाताची खूण लागतेच. तुर्कस्तानात नकार देताना डोके मागे झुकवतात. तिथले ऐकू येणारे लोकही तसेच करतात. आपल्याकडे हनुवटी वर उडवली, तर समोरचा 'काय?' असे विचारतोय असे आपण समजू!

हा नुसता गमतीचा विषय नाही. आमच्या नात्यातल्या एका कर्णबधिर मुलीचे स्थळ ठरत होते. पाहुण्यांसमोर खालाने विचारले, "पसंत आहे ना गं?" मुलीने मान डोलावली. सगळे 'माशाअल्लाह' म्हणाले, मिठाईही वाटली. रात्री तिने धाकट्या भावाला खुणांनी सांगितले, 'मला प्रश्न कळलाच नव्हता. सगळे हसत होते, म्हणून मान हलवली. हा रिश्ता मला नको.' घरात खुणा येणारा तो एकटाच. तो नसता तर?

निकाहात मुलीची रजामंदी हवी, हे आपण सगळे जाणतो. लाजाळू मुलीची खामोशी रजामंदी मानली जाते, हेही ठाऊक आहे. पण खामोशी उत्तर कधी ठरते? प्रश्न समजला असेल तेव्हाच ना! हनफी फिकहच्या आधारे उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' हा कायदा तयार झाला. त्याच्या ७०व्या कलमानुसार मुक्या माणसाच्या ओळखीच्या खुणा तोंडी बोलण्याइतक्याच ग्राह्य आहेत. निकाहातही मुक्या माणसाची स्पष्ट समजणारी खूण फुकहांनी मानली आहे. खुणेला एवढा मान आहे, तर ती समजून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

म्हणून आमची विनंती एवढीच. घरात, शेजारी कर्णबधिर मूल असेल, तर आधी त्याच्या 'नाही' आणि 'नको'च्या खुणा शिका. प्रश्न विचारताना समोर बसा, आणि हात थांबेपर्यंत नजर हटवू नका. मान हलली तरी 'काय समजलं, सांग' असे पुन्हा विचारा. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा कोश तयार केला आहे. सगळा शिकायला वेळ लागेल, पण दोन खुणा तर आज रात्रीच्या दस्तरखानावरही शिकता येतील.

त्या मुलीच्या अब्बांनी दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांची माफी मागून नकार कळवला. आता ते स्वतः लेकीकडून खुणा शिकत आहेत. पहिली शिकले ती 'नको'ची.