वणव्यासाठी प्रार्थना करताना

उपवासकाळ आणि वणव्याचे दिवस आपल्याकडे एकत्रच येतात. राखेच्या बुधवारनंतर विश्वासूंच्या प्रार्थनांत डोंगरावरच्या आगीचा उल्लेख येऊ लागतो. मार्च 2023 मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य पेटले आणि नौदल, हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतायला आली, तेव्हापासून तर जास्तच. प्रार्थना बहुधा अशी असते: जंगल जाळणाऱ्यांना सुबुद्धी दे. जाळणारे कोण, हे न सांगताच सगळे समजतात. गवळी, धनगर, कुमेरी करणारे, आदिवासी. या प्रार्थनेला प्रतिसाद देण्याआधी थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते.

आपल्याच कर्नाटकात, चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन टेकड्या आहेत. तिथले सोलिग आदिवासी पिढ्यानपिढ्या उन्हाळा तापण्याआधीच पाचोळ्याला हलकी आग लावत. ती जमिनीलगत सरकत जाई आणि विझे. जाड सालीच्या झाडांना फारसे काही होत नसे. 1974 मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि आग लावणे गुन्हा ठरले. सोलिग सांगत राहिले की आग थांबल्यापासून घाणेरी माजली, आवळ्यावर बांडगूळ चढले. संशोधकांनी मोजून पाहिले, तर 1997 ते 2008 या काळात घाणेरीचा पसारा सुमारे दुप्पट आणि दाटी चौपट झालेली होती. ही घाणेरी, म्हणजे आपली टणटणी, कधीकाळी बागेत शोभेसाठी बाहेरून आणलेली! तिच्या वाळक्या जाळीवरून आग शेंड्यापर्यंत चढते. वारंवारच्या आगीमुळेच घाणेरी वाढते, असे मतही शास्त्रज्ञांनी मांडलेले आहे; वाद मिटलेला नाही. पण सोलिगांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते, एवढे नक्की.

याचा अर्थ कुठेही काडी ओढावी, असा मुळीच नाही. सदाहरित रानातल्या झाडांची साल पातळ असते, तिथे हलकी आगही मुळावर येते. एक रान आगीबरोबर वाढलेले, दुसरे आगीला अनोळखी. दोघांना एकच नियम लावणे आम्हांला पटत नाही. शिवाय उपग्रहाला उष्ण ठिपका दिसतो. आग कोणी आणि का लावली, ते दिसत नाही. ते आपण आपल्या मनाने भरतो.

याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लहानशी ठिणगी मोठे रान पेटवते, असे म्हटले आहे. ते वणव्याबद्दल नाही, जिभेबद्दल आहे. पुराव्याशिवाय एखाद्या समाजाचे नाव मनात धरून वेदीसमोर केलेली प्रार्थना खोट्या साक्षीच्या किती जवळ जाते, याचा विचार व्हावा. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात मूळनिवासी समाजांशी आधी संवाद करा, असे सांगितले आहे. संवादात ऐकणेही आले.

म्हणून येत्या उपवासकाळासाठी आमची सूचना अशी: प्रार्थना जाळरेषा काढणाऱ्या आणि रात्रभर हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपणाऱ्या वनरक्षक-मजुरांसाठी व्हावी, रानात गुरे चारणाऱ्यांसाठीही व्हावी. आणि एका रविवारी मिस्सेनंतर खानापूरकडच्या एखाद्या गवळीवाड्यावरच्या आजोबांना बोलवावे. त्यांच्या लहानपणी डोंगर कधी पेटवत, कुठे पेटवत नसत, हे त्यांना विचारावे. चहाची सोय आम्ही करतो.