बाईचं पोट म्हणजे उरल्यासुरल्याचा डबा नव्हे



"आपल्या घरात कांदा नाही, लसूण नाही, रात्रीचं खाणं नाही. मग तुला कसलं गं पित्त?" पोटाची तक्रार घेऊन नात्यातल्या कुठल्याही बाईकडे जा, हा प्रश्न ठरलेला. मी तो दोन वर्षं ऐकला. छातीखाली जळजळ, चार घासांत पोट गच्च, पहाटे मळमळ, आंबट ढेकर. शेवटी दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा जठराच्या आतल्या अस्तराला जुनी सूज निघाली. डॉक्टर तिला क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणतात. आज चौसष्टाव्या वर्षी मी दोन वेळा पोटभर नाही, पण सुखाने जेवते. औषधाने सुरुवात झाली आणि पुढचं काम आहाराने केलं. म्हणून आहारावर माझा विश्वास आहे. पण आज मला आहाराचं कौतुक करायचं नाही, भांडायचं आहे.

भांडण एवढंच आहे. आपला आहारधर्म पोटाला औषधासारखा आहे, आणि ते औषध घरातल्या सगळ्यांना मिळतं, फक्त रांधणारीला मिळत नाही.

बघा ना, आपल्याला काय काय सांगितलेलं आहे. सहा बाह्य तपांत अनशनाच्या पाठोपाठ दुसरं तप अवमौदर्य, म्हणजे ऊनोदर. पोट थोडं रिकामं ठेवून उठायचं. परंपरेने पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास धरला आहे, त्याहून एक घास कमी खाल्ला तरी ते तप. सूर्यास्तापूर्वी जेवण, म्हणजे जेवण आणि झोप यांत आपोआप तीन-चार तास. पाणी गाळलेलं, उकळलेलं. अन्न ताजं, त्याच दिवशीचं. पोटाच्या डॉक्टरने मला जो कागद लिहून दिला त्यात यातलं बहुतेक सगळं होतं: थोडं थोडं खा, वेळेवर खा, रात्री उशिरा जेवू नका, ताजं आणि साधं खा.

आता हेच नियम घरातल्या बाईच्या दिवसावर लावून बघा.

सकाळी उपाशीपोटी कपभर कडक चहा, कारण देवदर्शन, डबे, दुकानाची घाई. गुडघे दुखतात म्हणून त्याच रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी. मग जेवण दुपारी दीडला, सगळ्यांची ताटं उचलल्यावर. संध्याकाळी तर विचारूच नका. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचपर्यंत मुलांना, सासूबाईंना वाढायचं, दुकानावर डबा पाठवायचा, मग उरलेल्या दहा मिनिटांत ओट्याशी उभं राहून घशाखाली ढकलायचं. आणि वेळ टळली तर? मग नियम मोडायचा नाही म्हणून तशीच झोपायची. दुपारी दीड ते दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा, इतका वेळ पोट रिकामं. त्याला आपण नियम पाळला म्हणतो. नियम पाळला खरा, पण त्यासाठी वेळ कुणी राखून ठेवला होता का?

त्यात आणखी एक गोष्ट, जी आपल्याच घरांत होते आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे शिळं ठेवायचं नाही. अन्न टाकायचं तर मुळीच नाही. दोन्ही नियम उत्तम. पण दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी उरली तर ती जाते कुठे? फ्रीजमध्ये नाही, केराच्या टोपलीत नाही. ती बाईच्या पोटात जाते. "एवढंच आहे, तू घे गं संपवून." घराचा धर्म राखला गेला, आणि ऊनोदराचं तप जिने करायचं ती दोन भाकऱ्या जास्त खाऊन उठली.

मी कॉमर्सची आहे. दुकानात माल शिल्लक राहू लागला की आमचे हे पुढची खरेदी कमी करतात. शिल्लक माल मुनीमजींच्या गळ्यात मारत नाहीत. मग स्वयंपाकघरात वेगळा हिशेब कशाला? मी महिनाभर एका वहीत लिहून ठेवलं, रोज संध्याकाळी काय उरलं आणि किती. मग पीठ आणि तांदूळ त्या मापाने कमी भिजवले. कुणी उपाशी राहिलं नाही. एखाद्या दिवशी कमी पडलं तर लाह्या आहेत, केळं आहे.

"पण बाईने शेवटी जेवावं हे आपले संस्कार आहेत," असं माझ्या एका जाऊबाईंनी मला सुनावलं. मी त्यांना विचारलं, "जाऊबाई, चौका लावता तेव्हा मुनीमहाराजांना उरलंसुरलं वाढता का?" नाही. शोधून, निवडून, ताजं, वेळेवर, भक्तीने. महाराजांचा मान वेगळा, मला माहीत आहे. त्यांचा आहार आधी, यात वाद नाही. पण शुद्ध आहार कसा असतो हे ज्या बाईला इतकं नेमकं ठाऊक आहे, तिने स्वतःच्या देहाला रोज उरल्यासुरल्यावर ठेवावं, हे कुठल्या शास्त्रात आहे? जीवदयेत रांधणारीचा जीव धरायचा नाही का?

आता दुसऱ्या बाजूशी भांडते. कारण पोट दुखलं म्हटलं की मोबाईलवर उपायांचा पाऊस पडतो आणि आपल्या बायका त्यात न्हाऊन निघतात.

"मधात आल्याचा रस घाला." मध आपल्याला वर्ज्य, ओलं आलं कंदमूळ. "लसणाची पाकळी गिळा." झालंच! "थंड दूध प्या." दुधाने घटकाभर बरं वाटतं हे खरं, पण नंतर तेच दूध जठराला आणखी आम्ल तयार करायला लावतं. "खायचा सोडा पाण्यात घाला." त्यात सोडियम भरपूर, रक्तदाब असणाऱ्या बाईने रोज घेण्याची ती वस्तू नव्हे. "जेष्ठमध चघळा." जेष्ठमध जास्त दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. "कोरफडीचा रस." पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक त्यात आला तर जुलाब. झाडपाल्याचं आहे म्हणून ते निरुपद्रवी, हा समज सोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जठराच्या जुन्या सुजेमागे पुष्कळदा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन डॉक्टरांनी १९८२ मध्ये तो शोधून काढला. जठराच्या आम्लात जंतू जगूच शकत नाही असं तेव्हा सगळे मानत. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला, आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कर्करोगाला कारण होणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. ज्यांच्या पोटात तो आहे त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, म्हणून घाबरू नका. पण सूज आहे आणि जंतू आहे, तर तो धने-जिऱ्याच्या पाण्याने जात नाही. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून कळतो. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर तपासणीआधी साधारण दोन आठवडे ती बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही नाही असा निकाल येऊ शकतो. हे डॉक्टरांना विचारूनच करा.

माझा जंतू निघाला. चौदा दिवस औषध घेतलं. एका नातेवाईक बाईंनी विचारलं, "अहो, पण जंतू मारायचे म्हणजे हिंसाच की." गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे, ठरवून मारायचं म्हणून मारण्याचा. रोगावर उपचार ही संकल्पी हिंसा नव्हे, असं मी मानते. चूल पेटवताना, पाणी उकळतानाही आपण याच विवेकाने वागतो. हां, एक गोष्ट मात्र जरूर सांगा डॉक्टरांना. कॅप्सूलचं आवरण पुष्कळदा जिलेटिनचं असतं, ते प्राण्यांपासून येतं. गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मागा. मी मागितली, मिळाली. संध्याकाळचा डोसही विचारून सूर्यास्तापूर्वी बसवला. धर्म सांभाळून उपचार होतो, फक्त तोंड उघडून विचारावं लागतं. औषध संपल्यावर महिन्याने पुन्हा तपासणी केली, जंतू गेला होता.

पण जळजळ लगेच गेली नाही. अस्तर भरून यायला वेळ लागतो, आणि तिथे आहाराने काम केलं. उठल्यावर कोमट पाणी, चहा बंद. साडेसातला साळीच्या लाह्या किंवा तांदळाची पेज. साडेदहाला मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, दोडका किंवा पडवळ, वर चमचाभर तूप. दीडला पिकलेलं केळं किंवा जिरेपूड घातलेलं ताजं ताक. ताक वरणाच्या जेवणाबरोबर नाही, द्विदलाचा दोष लागतो हे तुम्हाला सांगायला नकोच. साडेचार-पाचला गरम मऊ भाकरी आणि भाजी, बसून, चावून. दिवसभरात धने, जिरे, बडीशेप उकळून गाळलेलं पाणी. त्याने मला आराम पडला, रोग त्याने गेला असं मी म्हणणार नाही. हिरवी मिरची बंद, लाल तिखट नावाला. सुंठ चालते म्हणून घेतली होती, पण जळजळ असताना सोसली नाही, तीन महिन्यांनी चिमूटभर सुरू केली. गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून पर्याय घेतला, कारण त्या गोळ्या जठराचं संरक्षक अस्तरच दुबळं करतात. साधारण चार महिन्यांनी पोट शांत झालं.

यात कुठली वस्तू महाग होती सांगा? महाग होती ती फक्त वेळ. साडेदहाला मी माझं ताट वाढून घेणं, हीच घराला सगळ्यात जड गेलेली गोष्ट.

उपवासाबद्दलही बोलते, राग आला तरी चालेल. दशलक्षणात दहा उपवास करणाऱ्या बाईला आपण मखरात बसवतो, आणि पोटाला सूज असताना जी एकासनावर थांबते तिला "यंदा जमलं नाही वाटतं?" असं विचारतो. सोळा कारण भावनांत शक्तितस्तप सांगितलं आहे, शक्तीप्रमाणे तप. शेजारणीच्या शक्तीप्रमाणे नव्हे, सत्कारसमारंभाच्या यादीप्रमाणेही नव्हे. जठराला सूज असेल तर डॉक्टरांना आणि महाराजांना, दोघांना विचारून ठरवा. रसपरित्याग आहे, ऊनोदर आहे. तीही तपंच आहेत, फक्त त्यांची मिरवणूक निघत नाही. आणि पारण्याला शिरा, जिलेबी, भजी यांचा मारा करू नका.

दोन इशारे देते. शौचाला काळं डांबरासारखं होणं, उलटीत रक्त, गिळताना अडकणं, विनाकारण वजन किंवा रक्त कमी होणं, यांतलं काहीही असेल तर पेज आणि लाह्या करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि आपण शाकाहारी, त्यातून आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं घेत असाल, किंवा जठराची सूज जुनी असेल, तर बी १२ तपासून घ्या. हातापायांना मुंग्या, जीभ लालसर गुळगुळीत, सारखा थकवा, याला नुसतं वय झालं म्हणून सोडू नका.

सुनांनो, सासवांनो, दोघींनाही सांगते. घरात कुणाची गोळी किती वाजता, कुणाला भाजी कमी तिखट, हे आपल्याला पाठ असतं. त्या यादीत स्वतःचं नाव घाला. आज संध्याकाळी सूर्य मावळायच्या तासभर आधी पाचवं ताट घ्या, नाहीतर सहावं, जितकी माणसं असतील तितकी. सगळ्यांच्या पंक्तीत बसा. वाढायला कुणी नसेल तर भांडी मध्ये ठेवा, ज्याचं त्याने घ्यावं. उरलं तर उद्या पीठ कमी भिजवा. आणि कुणी म्हणालंच, "एवढंच आहे, तू घे संपवून," तर शांतपणे सांगा, माझे अठ्ठावीस घास झाले.