आजारपणाचा खाडा बंद करा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ



आपल्या महामंडळाला ज्यांचं नाव आहे, ते १९९० ते २००९ सलग आमच्या रेणापूर मतदारसंघाचे आमदार होते. म्हणून रेणापुरातून हे पत्र हक्कानं लिहितो आहे. आमच्या तालुक्याला ऊसतोड दोन्ही अंगांनी ठाऊक आहे. दिवाळीच्या मागंपुढं इथल्या तांड्यांवरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. त्याच सुमाराला निवाड्याच्या रेणा साखर कारखान्याचं गाळप सुरू होतं आणि इथल्या फडांत कोयते चालू लागतात.

साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत काम करणाऱ्यासाठी १९४८ च्या कारखाना कायद्यानं पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचार, बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघर ठरवून दिलं. त्याच साखरेसाठी फाटकाबाहेर राबणाऱ्या बाईला यातलं काही नाही. कारखाना म्हणतो, ती टोळी आणणाऱ्या मुकादमाची माणसं. मुकादमाच्या वहीत तिच्या नावापुढं फक्त उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, असते.

नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतलं एक आजारी पडलं की जोडीची मजुरी बुडते, वर मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लावतो आणि उचल फिटायची लांबते. मग ताप अंगावर काढायचा, बाळंतपणाच्या तोंडावर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. पाळी आली तरी सुटी नाही, राहायच्या कोपीजवळ न्हाणी नाही, धुवायला पुरेसं पाणी नाही. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं वर्षानुवर्षं मागं लागतं आणि शेवटी कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक.

शेजारच्या बीड जिल्ह्यात हे किती झालं, ते सरकारी कागदावर आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ते योग्यच झालं. पण परवानगीनं दवाखान्यातली कात्री थांबते. बाईला त्या टेबलापर्यंत आणणारा खाडा थांबत नाही. तो फडात आहे, आणि तिथं अजून कुणी हात घातलेला नाही.

पैशाची अडचण आहे असं कृपा करून सांगू नका. टनामागं १० रुपये कारखान्यानं आणि तेवढेच सरकारनं आपल्याकडं द्यायचे, असं ठरलेलं आहे. एखाद्या कारखान्यानं हंगामात ५ लाख टन ऊस गाळला, तर त्या एकट्या कारखान्यामागं १ कोटी रुपये होतात. प्रत्येक गाडी काट्यावर वजन होऊन जाते, म्हणजे कुठल्या भागात किती तोड झाली याचा हिशेबही तयारच असतो. जिथं तोड झाली, तिथंच त्या पैशाचा मोठा वाटा खर्च व्हावा.

त्यातून सगळ्यात आधी आजारपणाची भरपाई द्या. महिन्याला ठरावीक दिवस, पाळीचे धरून, बाई फडात आली नाही तर तिची मजुरी महामंडळानं द्यावी, आणि त्या दिवसाचा खाडा लावणाऱ्या मुकादमाशी कारखान्यानं करार करू नये, अशी अट घालावी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, त्याचा आनंद आहे. पण दर वाढला म्हणजे बुडालेल्या दिवसाची किंमतही वाढली. भरपाई नसेल तर बाई आणखीच ओढून काम करील.

दुसरं, फिरता दवाखाना आठवड्यातून एकदा कोप्यांवर यावा, तोही संध्याकाळी. पहाटे अंधारात फडात गेलेली माणसं सकाळच्या ओपीडीला कशी येणार? त्यात स्त्री डॉक्टर असावी. कोप्यांजवळ पाण्याचा टँकर, आडोशाची न्हाणी आणि संडास ही जबाबदारी ज्याच्यासाठी ऊस तोडला जातो त्या कारखान्याची, आणि ती पाळली की नाही हे गाळप परवान्याच्या वेळी तपासलं जावं.

येत्या हंगामात सुरुवात रेणापूर तालुक्यातून करा. इथून जाणारे आणि इथं येणारे, दोघंही आपल्याला एकाच तालुक्यात भेटतील. मुकादमांशी करार हंगामाआधीच होतात, उचलही तेव्हाच वाटली जाते. खाड्याची अट त्याआधी कारखान्यांच्या हातात पडायला हवी.

आपला,
रेणापूरचा एक रहिवासी